माझ्या सहीचं पत्र

चाकणच्या एमआयडीसीत वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी भरतीचं काम करते. आमच्याकडे जॉइनिंग शक्यतो सोमवारी असतं. त्या दिवशी सकाळी सिक्युरिटी केबिनमध्ये नव्या लोकांची यादी गेलेली असते आणि गेटवर बॅगा घेऊन उभी असलेली पोरं एकेक करून आत येतात. अशाच एका सोमवारी केबिनमधून फोन आला. "मॅडम, एक मुलगा आलाय, सोबत त्याचा मामा आहे. लेटर दाखवतोय. खाली सही तुमची आहे, पण यादीत नाव नाही."

मुलगा लातूर जिल्ह्यातल्या निलंगा तालुक्यातला. मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेला, इस्त्री केलेला शर्ट, प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये सगळी मूळ कागदपत्रं. रात्रभर प्रवास करून दोघं आले होते. मी त्यांना केबिनमध्ये बसवलं, चहा मागवला आणि पत्र हातात घेतलं.

पत्र आमच्या खऱ्या पत्रापेक्षा देखणं होतं. रंगीत लेटरहेड, कोपऱ्यात बारकोड, खाली गोल निळा शिक्का. आमचं ऑफर लेटर सिस्टीममधून निघतं, त्यावर शिक्का नसतोच. कंपनीचा पत्ता बरोबर होता. सीआयएन म्हणजे कंपनीचा एकवीस अक्षर-अंकी नोंदणी क्रमांक, तोही बरोबर होता. यात नवल काही नाही. हा क्रमांक कंपनीच्या वेबसाइटवर असतो, कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर असतो, कुणीही उतरवून घेऊ शकतो. नाव माझं होतं, सही भलतीच होती आणि माझा हुद्दा दोन पायऱ्यांनी वाढवलेला होता. पगार महिना ४२,००० रुपये. आमच्याकडे नव्या डिप्लोमा ट्रेनीला याच्या निम्मेही मिळत नाहीत. वर राहण्याची सोय आणि लॅपटॉप. शॉप फ्लोअरवर मशीनपाशी उभं राहणाऱ्या ट्रेनीला लॅपटॉप कशाला, हा प्रश्न आमच्या कुठल्याही सुपरवायझरला पहिल्या फटक्यात पडला असता. त्या मुलाला पडायचं कारण नव्हतं, कारण त्याने कारखाना आतून पाहिलेलाच नव्हता.

त्याच्याकडून पैसे तीनदा घेतले होते. आधी नोंदणी आणि कागदपत्रांची तपासणी म्हणून २,१५० रुपये. मग लॅपटॉप आणि ओळखपत्राची अनामत ९,८००. ती भरल्यावर विम्याचे १४,५००. तिन्ही रकमांपुढे एकच आश्वासन होतं, पहिल्या पगारासोबत परत मिळतील. पैसे गेले ते कुणा एका व्यक्तीच्या बचत खात्यात. मी म्हटलं, एवढ्या मोठ्या कंपनीचे पैसे एखाद्या माणसाच्या नावावर कसे जातील, याची शंका नाही आली? मुलगा खाली बघत राहिला. उत्तर मामाने दिलं. "ताई, आमच्याकडं संस्थेत शिक्षकाच्या जागेला किती लागतेत माहितंय का? लाखात बोलतेत. हे तर पंचवीस-सव्वीस हजारात झालं म्हणून आम्ही देवाला नारळ फोडला."

नोकरीच्या फसवणुकीवर मी ऐकलेल्या व्याख्यानांपेक्षा मामाच्या या बोलण्यात जास्त माहिती होती. पोरं भोळी असतात, इंग्रजी कळत नाही, लोभ सुटत नाही, असं आपण म्हणतो. पण त्या मामाचा हिशेब त्याच्या अनुभवाला धरून होता. नोकरी विकत मिळते हे त्याने आयुष्यभर पाहिलं होतं. खासगी अनुदानित संस्था, 'साहेबांची ओळख', मधला माणूस. आणि मी तरी कोणत्या तोंडाने त्याला खोटं पाडणार? आमच्याच पट्ट्यात कंत्राटी कामाला लावून देतो म्हणून पहिल्या पगारातून पैसे कापणारे दलाल आहेत, हे चाकणमध्ये कुणाला ठाऊक नाही? ज्या समाजात नोकरीला भाव असतो, तिथे पैसे मागितले गेले म्हणून कुणी दचकत नाही. रक्कम कमी असेल तर उलट बरं वाटतं.

मुलाने मात्र मला एक प्रश्न विचारला, त्याचं नीट उत्तर मला देता आलं नाही. "मॅडम, लेटर खोटं आहे, पण कंपनी तर खरी आहे, तुम्ही पण खऱ्या आहात. मग घ्या ना मला." जागा नव्हती. असती तरी गेटवर कुणाला घेता येत नाही. मी त्याला अ‍ॅप्रेंटिसशिपच्या सरकारी पोर्टलवर नोंदणी कशी करायची ते दाखवलं, तिथेच बसून सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर फोन लावून दिला, आणि संध्याकाळी दोघं वाकडेवाडीहून लातूरच्या एसटीने परत गेले. गावात पेढे वाटून झाले होते, ग्रामपंचायतीसमोर सत्काराचा फोटो झाला होता. तिसरी रक्कम भरताना त्याला शंका आली होती, हे त्याने जाता जाता सांगितलं. पण तोवर सगळ्या गावाला कळलेलं होतं. त्या १४,५०० रुपयांत विम्यापेक्षा अब्रूचा वाटा मोठा होता.

त्यानंतर अशी पत्रं माझ्याकडे येत राहिली. काही माझ्या सहीची, काही दुसऱ्या कंपन्यांच्या नावाची. ओळखीपाळखीतून लोक पाठवतात आणि विचारतात, खरं आहे का बघा. बघताना एक सवय लागली. मी आता आधी लोगो किंवा व्याकरण बघत नाही. मी एवढंच विचारते की या व्यवहारात शंका कोण घेतंय आणि पैसे कोण खर्च करतंय.

आमच्याकडे एक साधा इंजिनिअर घ्यायचा म्हटलं तरी काय होतं ते सांगते. आधी विभागप्रमुख जागेची मागणी लिहून देतो. प्लांट हेड विचारतो, आहे त्या माणसांत भागणार नाही का? फायनान्सवाले पगाराचा आकडा बघून नाक मुरडतात. मग बायोडाटा चाळायचे, फोन करायचे, तांत्रिक मुलाखत, मग दुसरी मुलाखत. उमेदवाराने आधीचा पगार सांगितला तर पगाराच्या स्लिपा मागायच्या, आधीच्या साहेबाला फोन करायचा, मग वैद्यकीय तपासणी. ती कंपनीच्या खर्चाने. या सगळ्याला आठवडे लागतात, कधी दोन-दोन महिने. प्रत्येक पायरीवर कुणी ना कुणी आडवा येतो, कारण प्रत्येकाला भीती असते की चुकीचा माणूस आत घेतला तर पैसे आपले जाणार. ज्याचे पैसे लागलेले असतात तो शंका घेतोच.

खोट्या मेलमध्ये ही शंका औषधालाही सापडत नाही. 'आपला बायोडाटा पाहून आमच्या संचालक मंडळाने आपली निवड केली आहे,' हे वाक्य मी कितीतरी पत्रांत वाचलं. संचालक मंडळ ट्रेनी निवडत नाही. आमच्या संचालकांना ट्रेनी किती आहेत हेही विचारून सांगावं लागतं. काही पत्रांत मुलाखतीचं नाटक असतं. व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा टेलिग्रामवर आठ-दहा प्रश्न पाठवतात, उत्तरं काहीही द्या, तासाभरात अभिनंदन येतं. खरी भरती उमेदवाराला कंटाळा आणते. खोटी भरती त्याचं कौतुक करते आणि मग अठ्ठेचाळीस तासांची मुदत घालते.

न मागता आलेली प्रत्येक मेल खोटीच असते असं मात्र नाही. मी स्वतः अशा मेल पाठवते. नोकरीच्या वेबसाइटवर लोकांनी बायोडाटा टाकून ठेवलेले असतात, तिथून अनुभव जुळणारी माणसं शोधून त्यांना लिहिते. पण मी लिहिते ते असं : अमुक कामाची जागा आहे, कामाचं स्वरूप सोबत जोडलं आहे, रस असेल तर कळवा. म्हणजे मी विचारते. तुमची निवड झाली, असं ज्याला मी पाहिलेलं नाही त्याला मी कशाच्या जोरावर कळवू? बिनबोलावता आलेल्या पत्रात प्रश्न असेल तर पुढे वाचावं. थेट निकालच असेल तर तो निकाल कुठल्या परीक्षेचा, हे आपल्यालाच माहीत नसतं.

पैशाची दिशा तर याहून सोपी आहे. आम्ही कन्सल्टंटमार्फत माणसं घेतो तेव्हा त्याची फी कंपनी देते. धंद्यातला रूढ दर वार्षिक पगाराच्या ८.३३ टक्के, म्हणजे साधारण एका महिन्याचा पगार. माणूस तीन महिन्यांच्या आत सोडून गेला तर बहुतेक करारांत कन्सल्टंटला दुसरा माणूस फुकट द्यावा लागतो. म्हणजे कन्सल्टंटचं पोट कंपनीच्या पैशावर चालतं, उमेदवार हा त्याचा माल आहे, गिऱ्हाईक नाही. 'कन्सल्टन्सी फी' म्हणून जो उमेदवाराकडे हात पसरतो, त्याच्यामागे पैसे देणारी कंपनी नाही, एवढं त्यावरून कळतं. खरी अनामत, खरा विमा, खरं ओळखपत्र या गोष्टींसाठी चांगली कंपनी नव्या माणसाकडून आगाऊ पैसे घेत नाही. विम्याचा हप्ता किंवा पीएफचा हिस्सा पगारातून कापला जातो, आणि पगार व्हायला आधी काम सुरू व्हावं लागतं.

निलंग्याच्या मुलाने मूळ मेल मला पाठवली होती. ती मी आमच्या आयटी विभागातल्या सहकाऱ्यासोबत बसून बघितली. मोबाइलवर प्रेषकाच्या जागी आमच्या कंपनीचं नाव झळकत होतं. त्या नावावर बोट टेकवलं की मागचा खरा पत्ता उघडतो. तो उघडला तर कंपनीच्या नावापुढे एक आडवी रेघ आणि 'करिअर्स' असा शब्द जोडलेला निघाला. आमचं डोमेन ते नव्हे. ते डोमेन कधी नोंदवलं गेलं हे 'हू इज' नावाच्या शोधात कळतं. काही आठवड्यांपूर्वीचं होतं, आणि आमची कंपनी तर त्या मुलाच्या जन्माआधीपासूनची. काही मेलमध्ये प्रेषकाचा पत्ता तंतोतंत खरा दिसतो, पण 'रिप्लाय' दाबलं की उत्तर भलत्याच जीमेलच्या पत्त्यावर जायला निघतं. तेही पाठवण्याआधी डोळ्यांनी बघता येतं.

कॉम्प्युटरवर जीमेल उघडलं तर मेलच्या मेनूत 'शो ओरिजिनल' म्हणून एक पर्याय आहे. त्यात एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क अशा तीन तपासण्यांचा निकाल दिसतो. त्या डोमेनने परवानगी दिलेल्या सर्व्हरवरूनच मेल निघाली का आणि वाटेत बदलली गेली का, हे त्यातून कळतं. तिथे 'फेल' लिहिलं असेल तर मेल टाकून द्यावी. पण आमच्या सहकाऱ्याने एक गोष्ट बजावून सांगितली, ती फारसं कुणी सांगत नाही. 'पास' लिहिलं असलं तरी हुरळू नये. 'पास' म्हणजे मेल त्या डोमेनवरूनच आली, इतकंच. ते डोमेन कंपनीचं आहे की भामट्याने काल विकत घेतलेलं आहे, हे ती तपासणी सांगत नाही. करिअर्सवाली ती मेल तिन्ही तपासण्यांत पास होती. आमच्या डोमेनसाठी आयटीने नंतर डीमार्कचं धोरण कडक केलं, तेव्हा आमच्या हुबेहूब पत्त्यावरून जाणाऱ्या खोट्या मेल आटल्या. मिळत्याजुळत्या नावांच्या डोमेनवर मात्र आमचा काही इलाज चालत नाही.

व्याकरणाच्या चुका बघा, असा सल्ला अजूनही दिला जातो. तो आता जुना झाला. मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागातले कॉर्मॅक हर्ली यांनी २०१२ साली एक शोधनिबंध लिहिला होता. नायजेरियन भामटे आपण नायजेरियाचे आहोत हे उघड का सांगतात, असा त्यांचा सवाल होता. त्यांचं उत्तर असं की हास्यास्पद पत्र ही चाळणी असते. शहाणा माणूस ते वाचून सोडून देतो आणि उत्तर देणाऱ्यांत शेवटपर्यंत पैसे देतील अशीच माणसं उरतात. भामट्याचा वेळ वाचतो. म्हणजे तेव्हाही चुका या गाफीलपणाच्या होत्याच असं नाही. आता तर यंत्राकडून चोख इंग्रजी आणि बऱ्यापैकी मराठी फुकटात लिहून मिळतं. माझ्याकडे अलीकडे आलेल्या एका खोट्या पत्राची भाषा आमच्या विभागातल्या पत्रांपेक्षा सरस होती, हे मी आमच्या लोकांना मुद्दाम वाचून दाखवलं.

पैसे मागत नाहीत अशीही खोटी नोकरी असते, आणि ती जास्त वाईट. आमच्या एका कंत्राटी ऑपरेटरच्या बहिणीला घरबसल्या 'पेमेंट प्रोसेसिंग'चं काम मिळालं होतं. तिच्या खात्यात पैसे येणार, तिने थोडं कमिशन ठेवून बाकीचे सांगतील त्या खात्यात वळवायचे. ते पैसे दुसऱ्या कुठल्या तरी फसवलेल्या माणसाचे होते. एक दिवस खातं गोठलं आणि परराज्यातल्या पोलिसांची नोटीस आली. तिच्या मते ती नोकरी करत होती, कागदोपत्री ती चोरीच्या पैशाची वाट झाली होती. निलंग्याच्या मुलाने ज्या बचत खात्यात पैसे भरले, ते खातंही कदाचित अशाच एखाद्या 'नोकरदारा'चं असेल. म्हणून जिथे तुमचं काम काय हे धड सांगता येत नाही, पण तुमचं बँक खातं हवंच असतं, तिथे एक रुपयाही न मागता तुम्ही लुटले जाता.

परदेशातली पत्रं आली की मी जास्त सावध होते. आमच्या क्वालिटी विभागातला एक मुलगा राजीनामा द्यायच्या बेतात होता. बँकॉकला डेटा एंट्री, पगार डॉलरमध्ये, तिकीट कंपनीचं, आणि व्हिसा पर्यटकाचा. पर्यटकाच्या व्हिसावर नोकरी करता येत नाही, ही एक गोष्टच पुरेशी होती. सप्टेंबर २०२२ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने थायलंडमधल्या अशाच आयटी नोकऱ्यांबद्दल जाहीर इशारा दिला होता. लोकांना थायलंडला नेऊन तिथून सीमेपलीकडे म्यानमारमध्ये पोचवत, डांबून ठेवत आणि इतरांना ऑनलाइन फसवण्याच्या कामाला जुंपत. मार्च २०२५ मध्ये तिथल्या अशा केंद्रांतून सुटलेल्या ५४९ भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी परत आणावं लागलं. या लोकांना आधी कुणी तरी अभिनंदनाचा निरोप पाठवला होता. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याप्रमाणे परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवणाऱ्या एजंटला सरकारकडे नोंदणी करावी लागते. ती यादी ई-मायग्रेट पोर्टलवर कुणालाही बघता येते, आणि नोंदणीकृत एजंटलाही उमेदवाराकडून ३०,००० रुपये अधिक जीएसटी याहून जास्त फी घेता येत नाही. तो मुलगा गेला नाही. अजून आमच्याकडेच आहे आणि पगाराबद्दल अजूनही कुरकुर करतो. ती कुरकुर रास्त आहे.

आम्ही कंपनी म्हणून काय केलं? वेबसाइटवर सूचना टाकली. गेटवर मराठी आणि हिंदीत बोर्ड लावला की इथे भरतीसाठी कुणीही पैसे घेत नाही. पण तो बोर्ड वाचायला माणूस गेटपर्यंत यावा लागतो, आणि तोवर त्याचे पैसे गेलेले असतात. म्हणून ऑफर लेटर खरं की खोटं हे विचारायला एक वेगळा मेल पत्ता ठेवला. कुणीही विचारलं की त्याच दिवशी उत्तर द्यायचं, असा विभागाला दंडक घातला. हे प्रत्येक कंपनीला जमण्यासारखं आहे. आपल्या नावावर लोक लुटले जात असताना 'आमचा संबंध नाही' एवढी नोटीस लावून गप्प बसणं मला पटत नाही. लोकांनी विश्वास ठेवला तो आमच्या नावावर.

मध्यंतरी नाशिकच्या एका इंजिनिअर मुलीला आम्ही खरंखुरं ऑफर लेटर पाठवलं. दुसऱ्या दिवशी बोर्डलाइनवर तिचा फोन आला. पत्रातला नंबर तिने लावलाच नव्हता. वेबसाइट स्वतः टाइप करून उघडली, तिथला नंबर घेतला आणि ऑपरेटरला विचारलं, या नावाच्या बाई तुमच्याकडे भरतीचं काम बघतात का, आणि त्यांनी मला पत्र पाठवलंय का? माझ्याशी बोलताना ती जरा ओशाळली होती. मी तिला सांगितलं की आमच्या कंपनीत येणाऱ्या माणसाने असंच वागावं. कंपनी तिच्याबद्दल शंका घेऊन, चौकशी करून मगच पत्र पाठवते. तिने कंपनीबद्दल तेवढीच शंका घेतली, तर त्यात वावगं काय?

म्हणून हे वाचणाऱ्या प्रत्येक आईबापाला, मामा-काकांना माझं एवढंच सांगणं आहे. घरातल्या पोराला न मागता नोकरीचं पत्र आलं तर पेढे नंतर आणा. पत्रातला नंबर सोडून कंपनीचा नंबर आपण शोधा आणि फोन करा. विचारलं म्हणून कुठलीही खरी नोकरी जात नाही. पैसे मागितले तर देऊ नका, मग ती रक्कम दोन हजार असो की परत मिळणारी असो. आणि दिले गेलेच असतील तर पोराला बोल लावण्यात वेळ घालवू नका. तासाभरात १९३० वर फोन करा, सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर तक्रार नोंदवा. पैसे बँकेबँकेतून फिरत असतात तोवर ते मधेच अडवता येतात, एकदा कुणी काढून घेतले की हाती फक्त तक्रारीचा क्रमांक उरतो.